पिकलेला कोट

डिसेंबर लागला की दुमिंगमामा माझ्या दारात येत आणि माझ्या कोटाची बाही चिमटीत धरून पाहत. नमस्कार नंतर, आधी बाही. कोपराजवळचे कापड ते अंगठ्याने चोळीत, उजेडाकडे वळवून बघत आणि आंबे पारखणाऱ्याच्या गांभीर्याने निकाल देत, "अजून पिकला न्हाई, सर. पुढल्या वर्षी बघू." मग माझ्या पत्नीच्या हातचा चहा घेऊन निघून जात. कोट माझ्या अंगावर असे, पण त्याच्याविषयी माझे मत विचारण्याची गरज त्यांना कधी वाटली नाही.

कोट पिकला की तो त्यांना जाळायचा होता. हे त्यांनी पहिल्या भेटीतच स्पष्ट केले होते. मी मूळचा शिरूर तालुक्यातील निमोण्याचा. दौंडच्या एका शाळेत मुख्याध्यापक म्हणून रुजू झालो आणि रेल्वे वसाहत व बाजारपेठ यांच्या मधल्या गल्लीत बिऱ्हाड केले. पहिल्याच हिवाळ्यात एक धिप्पाड, झुपकेदार मिशीचा गृहस्थ ओट्यावर येऊन उभा राहिला आणि हा कोट कधी टाकणार आहात, असे विचारू लागला. तसा विचार नसल्याचे मी सांगितले. तो म्हणाला, म्हाताऱ्याला हवा आहे. त्याचे वडील थंडीने काकडत असावेत, असे समजून मी घरातले एक घोंगडे देऊ केले. गृहस्थाने विचार केला. "घोंगडं धुमसतं नुसतं, सर. म्हाताऱ्याला कसं कोटावानी भडकून जळाया पायजे."

मी दार लावून घेतले. या माणसाची गणना वेड्यांत करावी की गुन्हेगारांत, एवढाच प्रश्न त्या संध्याकाळी माझ्यापुढे होता. दोन्ही तर्क चुकीचे निघाले. ते मालगाडीचे ड्रायव्हर होते.

म्हातारा म्हणजे सरते वर्ष. वसाहतीतली ख्रिस्ती कुटुंबे एकतीस डिसेंबरला उसाच्या पाचटाचा एक पुतळा करीत. त्याला कोट, पाटलोण आणि हॅट घालून तोंडात पुठ्ठ्याची सिगार देत, हातगाडीवर खुर्ची मांडून तीत बसवीत आणि वाजतगाजत बाजारपेठेतून चौकापर्यंत नेऊन जाळीत. मामांचे वडील फायरमन म्हणून गोव्याहून आले, तेव्हा ही रीत सोबत घेऊन आले. इतर ठिकाणी म्हणे म्हातारा मध्यरात्री जाळतात. दौंडात तो दिवेलागणीलाच जळे, कारण रात्री वसाहतीतले निम्मे पुरुष गाडीवर असत. मामा म्हणत, "साहेबाच्या वर्साला बाराच्या ठोक्याला मरायची सवय. दौंडच्या वर्साला डूटी बघून मरावं लागतं."

एक नियम मात्र पक्का होता. म्हाताऱ्याचा कोट विकत आणायचा नाही. तो कोणाच्या तरी अंगावर झिजलेला असला पाहिजे आणि मालकाने आपल्या हाताने उतरवून दिलेला असला पाहिजे. "दुकानातल्या कोटात वरीस बसत न्हाई," असे मामांचे म्हणणे. म्हणून ते डिसेंबरभर दारोदार कोट चाचपीत हिंडत. माझा कोट जाड कापडाचा, लग्नात शिवलेला. त्यांची त्यावर अनेक वर्षे नजर होती.

हातगाडीच्या मागे म्हाताऱ्याची विधवा चाले. ती गोव्याची नव्हे, अस्सल दौंडची. मामांच्या वडिलांनी पहिल्यांदा म्हातारा काढला, तेव्हा शेजारची एक बाई म्हणाली की माणूस मेला आणि मागे रडायला कोणी नाही, ही काय रीत झाली? बाईने आपले इरकली लुगडे दिले. एका इंग्रज ड्रायव्हरची मडम मायदेशी जाताना काळ्या जाळीची, पिसाची हॅट मागे टाकून गेली होती, ती डोक्यावर चढली. तेव्हापासून विधवा नऊवारी लुगडे आणि मडमेची हॅट घालून ऊर बडवीत चालू लागली. वडिलांच्या मागे हे पद मामांकडे आले. मिशी ते काढीत नसत. कोणी टोकलेच, तर जाळीआडून उत्तर येई, "कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या, आता मिशी बी काढू व्हय? बाईमाणसानं किती सोसायचं?"

खेड्यांतून बाजारला आलेल्या लोकांना यात परके काही वाटत नसे. पुरुषांनी लुगडी नेसून केलेली शिमग्याची सोंगे त्यांनी पाहिलेली होती. या लोकांचा शिमगा डिसेंबरात येतो, एवढीच त्यांची समजूत होती. म्हातारा पेटला की ते पालथा हात तोंडावर नेऊन होळीसारखी बोंब ठोकीत, आणि विलायती वर्ष देशी बोंबेवर निरोप घेई.

विधवेचे काम नवऱ्याचे दोष सांगत रडणे. हे दोष दर वर्षी मामांची पत्नी फिलूमावशी रचून देत, आणि ते सगळे खुद्द मामांचे असत. रातच्याला येतो म्हणून गेलास आन् परवा उगवलास. माझं मटण मित्रांना खाऊ घातलंस आन् मला त्यांच्या बायकांचं कौतुक सांगितलंस. मावशी चौकातल्या बेकरीच्या पायरीवर उभ्या राहत. एखादा दोष मामांनी गाळला, तर तिथून ठणठणीत आवाजात आठवण देत. शेवटचे वाक्य मात्र कधी बदलले नाही. म्हाताऱ्याला काडी लावताना विधवा विचारी, "मला एकटीला टाकून कुठं चाललास रं?" तो आडदांड मिशाळ माणूस असे विचारतो, याची बाजारपेठेला दर वर्षी नव्याने मौज वाटे.

मी हे सारे ओट्यावरून, हात मागे बांधून पाहत असे. मी हसल्याचे दौंडात कोणाला आठवत नाही. यात वैराग्य वगैरे काही नव्हते, माझी ठेवणच तशी. लहानपणी निमोण्याच्या शिमग्यात मला एकदा सोंगात उभे केले होते. मी राजा होतो. माझे पहिले वाक्य संपण्याआधी पुढची रांग उठून गेली. त्यानंतर मी सोंगांचा अभ्यास केला, सोंग केले नाही. मामा माझ्याविषयी चारचौघांत म्हणत, "सर म्हंजी आउटरला उभी मालगाडी. सिग्नल पडला तरी आधी खाली उतरून खात्री करत्यात."

शतक संपत आले, त्या वर्षी मात्र मी ओट्यावरून खाली उतरलो. टीव्हीवर परदेशांतील रस्त्यांवरचे जल्लोष दिसू लागले होते. बाजारपेठेतल्या तरुणांनी ठरवले की आपणही ट्रकवर भोंगे लावावेत, डोक्याला पिसे बांधावीत आणि नाचत मिरवावे. याने ज्येष्ठ मंडळी अस्वस्थ झाली आणि संस्कृतिरक्षणासाठी एक समिती नेमण्यात आली. अध्यक्षपद माझ्याकडे आले. ज्याच्यावर मौजेचा संशय कोणीही घेणार नाही असा गावात मी एकटाच होतो. धान्याचे व्यापारी बाबूअप्पा चिटणीस झाले. आम्ही पहिली बैठक घेतो न घेतो, तोच तरुणांनी आपला ट्रक महामार्गावरच्या एका ढाब्यावर नेण्याचे परस्पर ठरवले. समितीपुढे आता संस्कृती होती, पण तिच्यावर चालून येणारे कोणी नव्हते. असे रिकामे बसणे बरे दिसेना. तेव्हा अप्पांना आठवले की म्हातारासुद्धा विलायतीच आहे.

मामांना आणि त्यांचे मित्र रणपिसे गार्ड यांना शाळेत बोलावण्यात आले. रणपिसे मिरवणुकीत क्लॅरोनेट वाजवीत. मी नियमावली तयार केली होती, ती वाचू लागलो. पहिला मुद्दा तारखेचा. आपले वर्ष पाडव्याला सुरू होते, तेव्हा म्हाताराही पाडव्यालाच निघावा. मामा म्हणाले, चालेल, मात्र त्या दिवशी गुढ्या उभारायच्या की म्हातारा जाळायचा, हे समितीने लोकांना समजावून सांगावे. समितीने एकमेकांकडे पाहिले. तारीख होती तीच राहिली.

दुसरा मुद्दा वाद्याचा होता. क्लॅरोनेटऐवजी आपली पारंपरिक हलगी असावी, असे मी सुचवले होते. रणपिसे शांतपणे ऐकून घेत होते. मग म्हणाले, "हलगी माझ्या आज्यानं गावाच्या देखत खाली ठेवली, सर. ती उचलायची असली तर अध्यक्षांनी उचलावी. मी क्लॅरोनेट वाजवतो." मी तो मुद्दा खोडला. कागद फाटेपर्यंत खोडला.

तिसरा मुद्दा विधवेच्या हॅटचा. मामा म्हणाले, "टोपी मडमेची, लुगडं शेजारणीचं, आन् रडणं दौंडचं. काय काढू ते सांगा, काढतो." काय काढावे ते अप्पांना सांगता येईना. मलाही येईना.

उरला पोशाख. म्हाताऱ्याचा कोट, पाटलोण, हॅट आणि सिगार जाऊन त्याला धोतर, बंडी आणि फेटा घालावा, असा माझा चौथा मुद्दा होता. समितीची अब्रू आता एवढ्यावर टेकली होती. मामा या वेळी वाद घालतील म्हणून मी उत्तरेही योजून ठेवली होती. त्यांनी वाद घातला नाही.

त्या पावसाळ्यात फिलूमावशी गेल्या होत्या. आजार मोठा झाला, पुण्याच्या खेपा झाल्या आणि एका सकाळी वसाहतीतून निरोप आला. दफनाला मी गेलो होतो. मामा कबरीशी उभे होते. ते रडले नाहीत. लोकांनी कौतुक केले की माणूस खंबीर आहे. मला ते कौतुक पटले होते, कारण मीही तसाच वागलो असतो.

"कपडे कुठलेबी घाला, सर," मामा त्या बैठकीत म्हणाले. "आपल्याला हट न्हाई. पर म्हातारा जळला पायजे. ह्ये वरीस माझ्या दारातनं गेलंच पायजे."

मी समोरच्या कागदावर 'मंजूर' असे लिहिले.

ठराव माझा असल्याने म्हाताराही माझ्या देखरेखीखाली व्हावा, असे मीच ठरवले. मामांच्या क्वार्टरच्या पडवीत आम्ही बसलो. पाचट त्यांनी भरले, चेहरा मी रंगवला. पूर्वी काही काळ मी चित्रकला शिकवीत असे, हे सांगणे येथे आवश्यक आहे. मामांचा म्हातारा दर वर्षी बटाट्यासारख्या तोंडाचा आणि तिरळा असे. मी त्याला सरळ नाक दिले, कपाळावर सुरकुत्या दिल्या, पांढरी मिशी दिली आणि डोळ्यांत थोडी करुणा आणली. धोतर माझ्या घरचे, फेटाही माझ्या वडिलांचा. तो मी निमोण्याच्या पद्धतीने, शेमला पाठीवर सोडून बांधला. काम संपल्यावर दोन पावले मागे सरून पाहिले आणि मनात म्हटले, परंपरा म्हणतात ती ही.

मामा बराच वेळ म्हाताऱ्याकडे पाहत होते. "लई देखणा झालाय, सर," ते म्हणाले. स्वरात कौतुक नव्हते, पण मी ते कौतुकच समजलो.

रडण्याची तयारी झाली का, असे मी विचारले. त्यांनी मान हलवली. "दोष ती सांगायची. माझे मला कसे ठावं असणार?"

एकतीस तारखेला ऊन उतरल्यावर हातगाडी निघाली. मी कोट घालून, नियमावली खिशात ठेवून अग्रभागी होतो. रणपिसे क्लॅरोनेट वाजवीत होते. मागे लुगडे आणि हॅट घालून मामा ऊर बडवीत येत होते. बाजारपेठेच्या तोंडाशी काहीतरी बिनसल्याचे जाणवले. लोक हसत नव्हते. म्हातारा खुर्चीत ताठ, करुण नजरेने समोर पाहत बसला होता आणि त्याला पाहताच लोक बोलायचे थांबत. वरवंडची एक आजी भाजीची पाटी खाली ठेवून डोक्यावर पदर घेत म्हणाली, "कुणाच्या घरचा गं म्हातारा? सुखानं गेला जणू." तिने हात जोडले. तिचे पाहून आणखी चौघींनी जोडले.

पुढच्या वळणावर एकाने म्हाताऱ्याच्या गळ्यात झेंडूचा हार घातला. तो सत्कार होता की अंत्ययात्रा, हे त्याने विचारले नाही. कोणी पायाशी नारळ ठेवला. आमचे चिटणीस बाबूअप्पा दुकानाच्या पायऱ्या उतरून आले, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि मला हळूच म्हणाले की नाकाडोळ्यांनी थेट त्यांचे चुलते दिसतात. रणपिशांनी क्लॅरोनेट थांबवले. अशा वातावरणात काय वाजवावे हे कोणालाच कळत नव्हते. विधवेचे ऊर बडवणेही आपोआप मंदावले.

चौकात हातगाडी थांबली. मामांनी कमरेची काडेपेटी काढली आणि रिवाजाप्रमाणे गर्दीपुढे धरली. म्हाताऱ्याला पहिली काडी बाजारपेठेतल्या माणसाने लावायची, दुसरी विधवेने. कोणी हात पुढे केला नाही. मामांनी ती अप्पांपुढे धरली, तर अप्पा मागे सरले. गर्दीतून एक शेतकरी म्हणाला, "आमच्या आबासारखा हाय ह्यो. ह्याला जाळायचं?" दुसरा म्हणाला, "जाळून तर दाखवा." आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच तो धमकीसारखा लागला. तिसऱ्याने सुचवले की एवढा चांगला झाला आहे, तर वेशीजवळ बसवावा, वर पत्रा टाकावा. या सूचनेला माना हलल्या.

मी अध्यक्ष होतो. लोक माझ्याकडे पाहू लागले. ज्या गोष्टीला लोक हसून काडी लावीत होते, तिला मी अडीच तासांत पूज्य करून ठेवले होते. माझ्या अध्यापनाचा एवढा खोल परिणाम पूर्वी कधी झाला नव्हता.

मामा जवळ आले. त्यांनी हॅटची जाळी वर केली नाही. खालच्या आवाजात म्हणाले, "सर, ह्ये वरीस मला माघारी घरी न्यायचं न्हाई."

बेकरीच्या पायरीकडे माझे लक्ष गेले. तिथे कोणी नव्हते.

मी हातगाडीवर चढलो. वडिलांचा फेटा दोन्ही हातांनी उचलून अप्पांकडे दिला. हार काढला. मग माझा कोट उतरवला आणि म्हाताऱ्याला घातला. पाचटाच्या हातांत बाह्या सहज गेल्या नाहीत, दोन्ही खांदे दाबून बसवावे लागले. मामा माझ्या शेजारी उभे राहिले. त्यांनी सवयीने कोपराजवळचे कापड अंगठ्याने चोळून पाहिले.

"पिकलाय," ते म्हणाले.

 मग मागून कोणीतरी ओरडले, "अरं, हेडसर!"

त्या बाजारपेठेतील निम्मे पुरुष माझे विद्यार्थी होते. पूर्वजाला जाळायला एकही हात पुढे आला नव्हता. मुख्याध्यापकासाठी मात्र इतक्या काडेपेट्या निघाल्या की रणपिशांना रांग लावावी लागली. पहिली काडी लावण्याचा मान कोणाचा, यावरून दोघांत जुंपली. दोघांनाही मी कधीकाळी वर्गाबाहेर उभे केले होते.

आणि विधवा रडू लागली. फिलूमावशींनी रचलेले या वर्षी काही नव्हते, पण विषय पुढ्यात खुर्चीवर बसला होता आणि सबंध चौक आठवण द्यायला तयार होता. "उशिरा आलेल्या पोरांना फाटकाभाईर ठेवलंस, आन् आता सोता येळेआधी चाललास रं माझ्या मास्तरा! केस वाढले म्हणून पोरांना न्हाव्याकडं धाडलंस, आन् तुझंच टकुरं पाचटाचं निघालं! लग्नात वाजाप नको म्हणालास, चहात साखर नको म्हणालास, हसायचं तर नावच न्हाई. माझा संसार म्हंजी शाळेची प्रार्थना झाली रं!" लोक पोट धरून हसत होते. मी नुसत्या सदऱ्यात, हात मागे बांधून उभा होतो. थंडी चांगलीच होती.

एवढ्यात विधवेचे शब्द संपले. मामा थांबले आणि सवयीने बेकरीच्या पायरीकडे वळले. मीही वळलो. पायरीवर आता माझी पत्नी उभी होती. मिरवणुकीत ती कधी येत नसे. चौक शांत झाला, तेव्हा ती आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "भाजीत मीठ कमी असलं तर सांगत नाहीत. नुसतं ताट सरकवतात."

"ताट सरकवलंस रं!" विधवेने टाहो फोडला. त्या हंबरड्याला जी दाद मिळाली, तशी दाद मी दौंडात पुन्हा ऐकली नाही. अप्पा माझ्या वडिलांचा फेटा छातीशी धरून हसत होते. भांडणाऱ्या दोघांनी मिळून पहिली काडी लावली आणि गर्दीने तोंडावर पालथे हात नेऊन बोंब ठोकली.

मग मामांनी शेवटची काडी ओढली आणि ते वाक्य म्हटले, "मला एकटीला टाकून कुठं चाललास रं?" लोक हसले. दर वर्षी हसत तसेच, फक्त जरा उशिराने. जाळीआड काय होते ते मी पाहिले नाही. मी जाळाकडे पाहत होतो. कोट, मामा म्हणत असत तसाच, भडकून जळाला. खिशात समितीची नियमावली होती, तीही त्यातच गेली. समितीची पुढे बैठक झाली नाही आणि तिची उणीव कोणाला भासली नाही.

पुढे मी निवृत्त होऊन शिरूरला राहायला आलो आणि नवा कोट घेतला. मामाही निवृत्त झाले. मुलीने वसईला बोलावले, तरी ते दौंडात भाड्याच्या खोलीत राहिले. रुळांचा आवाज नसला की झोप येत नाही, असे कारण ते देत. वसाहतीच्या मागची ती कबर त्यांनी कारणांत धरली नाही. डिसेंबर लागला की ते एसटीने शिरूरला येत. नमस्कार नंतर, आधी बाही. "लई कच्चा हाय, सर," ते समाधानाने म्हणत. "तुम्हांला अजून लई वर्षं रेटायचीत." माझी नाडी एका डॉक्टरांनीही वेळोवेळी पाहिली आहे. त्यांच्या निदानाने मला कधी एवढा धीर आला नाही.

एका वर्षी डिसेंबर लागला आणि बाही तपासायला कोणी आले नाही. रणपिशांचा फोन आला. मी पहिल्या गाडीने दौंडला गेलो. मामांना फिलूमावशींच्या शेजारी ठेवले. मी खंबीर राहिलो. परत निघालो, तेव्हा फाटकाशी रणपिसे कागदाची एक पिशवी घेऊन उभे होते. पिशवीतून पिसाचे टोक बाहेर आले होते.

ते म्हणाले, म्हातारा यंदाही निघणार. कोट मिळाला आहे. मामांचाच, ड्यूटीवरचा, त्यांच्या मुलीने दिला. पोरे हातगाडी ओढतील. "पर रडंल कोण, सर? पोरांना हसू आवरत न्हाई."

मी सांगितले की माझे वय, माझा स्वभाव आणि निमोण्याचा माझा पूर्वानुभव पाहता ही निवड सर्वस्वी अयोग्य आहे. रणपिसे म्हणाले, "तुम्हांला हसू येत न्हाई. दौंडात दुसरं कोण हाय तसं?" 

लुगडे मी नेसलो नाही. हॅट मात्र घातली. जाळीआडून बाजारपेठ वेगळी दिसते. अप्पांच्या दुकानाजवळ मी ऊर बडवण्याचा प्रयत्न केला, तर त्यांनी ठसका लागला आहे असे समजून पाणी पाठवले. चौकात म्हातारा खुर्चीवर बसला होता, पुन्हा बटाट्यासारख्या तोंडाचा आणि तिरळा, अंगात ड्रायव्हरचा कोट. मला त्याचे दोष सांगायचे होते. विद्यार्थ्यांचे दोष मी जन्मभर पाठ केले, या माणसाचा एकही आठवेना. शेवटी म्हणालो, "माझा कोट नेलास." लोक हसले. मला वाटते, माझ्या बोलण्यावर लोकांनी हसण्याची ती पहिलीच वेळ.

काडी ओढली. आता ते वाक्य म्हणायचे होते. लोक वाट पाहत होते. मी ओढलेली काडी बोटांपर्यंत जळत आली, तेव्हा ती टाकून दुसरी ओढली आणि काही न बोलता म्हाताऱ्याला लावली. बोंब झाली. क्लॅरोनेट वाजू लागले.

नंतर रणपिसे जवळ आले. शेवटचे वाक्य राहिले, असे त्यांनी माझ्या ध्यानात आणून दिले. घसा बसला होता, थंडी होती, असे मी सांगितले. त्यांनी ते मान्य केले. हॅट पिशवीत घालून पिशवी माझ्याकडेच दिली आणि म्हणाले, "पुढल्या वर्साला सराव करून या, सर."

सराव करतो आहे. दार लावून घेतो, तरी पत्नीला स्वयंपाकघरात ऐकू जाते. तिने त्यावर अद्याप काही विचारलेले नाही. वाक्य लहान आहे. अजून पुरे होत नाही.